वंशावळीत नसलेली आत्या

मी बी.एस्सी. आहे, हे आधीच सांगून टाकतो. मेंढरामागं फिरणाऱ्या आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बीडमधल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. दरवर्षी अनुवंशाच्या प्रात्यक्षिकाला उंच वाटाणा, बुटका वाटाणा पोरांपुढं मीच मांडून ठेवतो. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढं जी चूक सांगणार आहे ती अडाणी माणसाची नाही. शिकलेल्या माणसाची आहे.

माझी लेक रेणू चौदा महिन्यांची असताना मोबाइलच्या फ्लॅशमध्ये तिच्या डाव्या डोळ्यात मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसली. रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर येणारी गाठ. कॅन्सरच, पण लहान लेकरांचा, आणि फार क्वचित कुणाला होणारा. डावा डोळा काढावा लागला. उजव्यातल्या गाठी लेसरनं आणि औषधांनी जाळल्या. आता ती साडेपाच वर्षांची आहे, आणि आभाळातली घार माझ्याआधी तिला दिसते. डाव्या जागी जो बसवलाय त्याला लोक काचेचा डोळा म्हणतात, पण तो प्लास्टिकचा असतो. काढायचा, धुवायचा, परत बसवायचा; हे काम ती दात घासल्यासारखं करते.

रक्ताच्या तपासणीत कळलं की हा दोष पिढीतून आलेला आहे. हैदराबादच्या डॉक्टरबाईंनी मला दोनदा बजावलं होतं, आईबापानंही डोळे दाखवा म्हणून. मी टाळत होतो. डोळ्यात औषध टाकलं की दिवसभर अंधुक दिसतं, आणि मला कुठं काय झालंय? शेवटी एकदा दाखवले. बाईंनी माझ्या उजव्या डोळ्यात बराच वेळ बघितलं आणि खुर्ची मागं सरकवली.

"तुम को भी आया था. बचपन में. अपने आप सूख गया."

पडद्यावर एक जुना वण होता. त्याच डोळ्यानं मी पुस्तकं वाचली, परीक्षा दिल्या, मुलगी बघायला गेलो, आणि मला पत्ता नव्हता. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मी एक डोळा झाकून भिंत बघत किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक.

बाई म्हणाल्या, खानदानाचा नकाशा आणा. मला आनंदच झाला, कारण तो माझ्याकडं तयार होता. जात पडताळणीच्या वेळी मी स्वतः वंशावळ केली होती, स्टॅम्पपेपरवर, पाच पिढ्यांची. तहसीलातल्या कारकुनानं कौतुक केलं होतं. पुढच्या खेपेला तिला प्लास्टिकचं कव्हर चढवून घेऊन गेलो. बाईंनी ती उलटीसुलटी करून बघितली.

"मियाँ, इसमें औरतां कहाँ हैं? तुम्हारे यहाँ सब मर्दां ही पैदा हुए क्या?"

पाच पिढ्या, आणि एक बाई नाही. आमच्याकडं वंशावळ अशीच लिहितात. दाखला बापाकडून लागतो, म्हणून बापच लिहायचे. वाटाण्याचं लेकरू दोन्ही झाडांवर जातं, हे पोरांना शिकवायला मदत करणारा मी माणूस. 

बाईंनी समजावून सांगितलं. ज्याच्यात दोष आहे त्याच्या प्रत्येक लेकराला छापा-काटा. गाठ येते ती अगदी लहानपणीच. ठिपक्याएवढी असताना सापडली तर डोळा वाचतो, नाही सापडली तर जीवही जातो. आईला भावंडं नाहीत, तेव्हा वडिलांच्या बहिणी, त्यांच्या लेकी, लेकींची लेकरं, कुठंतरी झोळीत एखादं पोर असेल, ते शोधा.

म्हणून दिवाळी झाल्यावर मी मोटरसायकल काढली. माझी बायको मनीषा म्हणाली, "फाइल ठेवा घरी. रेणूला न्या. कागद बघून कुणी ऐकत नसतं, लेकराला बघून ऐकतंय." मी दोन्ही घेतलं. चकलांबा, धारूर, घाटनांदूर. नकाशावर बोट ठेवलं तर सगळं वीतभरात. इतक्या जवळ इतकं काही असेल असं वाटलं नव्हतं.

चकलांबा

माझे आईवडील वारले. वडिलांची मोठी बहीण गयाआत्या चकलांब्याला दिलेली, तीही गेली. तिचे मालक किसनमामा मात्र ऐंशीच्या घरातही मेंढरं राखतात. गेवराईपासून पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कापूस फुटला होता. बाभळीच्या सावलीत, काठीवर हनुवटी टेकून मामा उभे दिसले.

"काय बे बीएस्सी! वाट चुकलास का?"

मामांनी तिथंच तीन दगडांवर मेंढीच्या दुधाचा चहा केला. बीडला आम्ही पिशवीच्या दुधाचा पितो. हा इतका दाट होता की रेणू म्हणाली, "आबा, हा चहा खायचा का प्यायचा?" मामा इतके हसले की जवळची दोन मेंढरं बुजली. त्यांच्या घरी काळजी नव्हती, नातवंडं सगळी कॉलेजात गेलेली, धोक्याचं वय कधीच ओलांडलेली. मी फाइल उघडून वंशावळ दाखवली, तर त्यांनी हातानंच बाजूला सारली.

"बाप्यांचं कावून दावतो? आई सांग."

मग समोरच्या मेंढीकडं काठी केली. "ही काळतोंडी. हिची आई बांडी. बांडीची आई लंगडी, दुष्काळात चारा छावणीत जलमलेली. लंगडीची आई चांदी. चांदीची आई माज्या बापानं मोहट्याच्या जत्रंतून आणल्याली." असे ते सात मेंढ्या मागं गेले. न अडखळता. मग दुसरी मेंढी घेतली, तिच्याही सहा. "मेंढा इकडून तिकडून आणतो आमी. मेंढरांचं खांड चालतं मेंढीवर. कुठल्या कुळात खोड हाय ते मेंढी सांगती."

मी प्राणिशास्त्राचा पदवीधर, तोंड उघडं टाकून ऐकत होतो. आमच्या कॉलेजात एवढ्या नोंदी ठेवायला एक कपाट लागतं.

मामांनी घोंगडं अंथरलं. शेजारच्या लेंड्या गोळा केल्या, मुरमातले पांढरे खडे वेचले आणि आमची भावकी मांडायला घेतली. लेंडी म्हणजे गडी, खडा म्हणजे बाई.

"आम्ही लेंड्या होय मामा?"

"मग? लेंडी वाळती, उडून जाती. खडा ऱ्हातो."

डॉक्टरबाईंनी मला चौकोन आणि गोल शिकवले होते. इथं घोंगड्यावर तेच होतं, नुसतं वाऱ्यावर उघडं. एका ओळीत माझे वडील: एक लेंडी. शेजारी गयाआत्या: एक खडा. मामांनी तिच्या पुढं आणखी एक खडा ठेवला.

"ही कोण?"

"सोना. तुझी धाकली आत्या. इसरलास?"

विसरलो नव्हतो, मला सांगितलंच नव्हतं. लहानपणी घरात कधीतरी 'धारूरची' असा शब्द निघायचा आणि मोठी माणसं विषय बदलायची. मला वाटायचं ती मेली.

"जित्ती हाय," मामा म्हणाले. "तीन वर्साची आसंल, डावा डोळा चमकाया लागला. मग सुजला, मग आत गेला. देवीचा कोप म्हणले. नव्या कोकरापुढं तिला येऊ देत न्हवते, नजर लागती म्हणायचे. लग्न करून डोंगरात दिली, आन परत कुणी मूळ धाडलं न्हाई." त्यांनी तो खडा बोटानं नीट केला. "म्याबी न्हाई धाडलं."

मूळ धाडणं म्हणजे सासरी गेलेल्या लेकीला सणाला आणायला माहेरचं माणूस पाठवणं. पंचमीला, दिवाळीला. ज्या लेकीला मूळ येत नाही, तिचं माहेर मेलं असं गाव समजतं.

मामांनी त्या खड्याखाली आणखी एक खडा ठेवला, पारू, सोनाआत्याची लेक. त्याखाली बोटानं मातीत एक खळगी केली. "आन तिला यंदा पोर झालंय म्हणत्यात. लेंडी का खडा, ठाव न्हाई."

मी त्या खळगीकडं बघत राहिलो. एवढ्याचसाठी निघालो होतो.

धारूर

दुसऱ्या दिवशी तेलगाव ओलांडून धारूरचा घाट चढताना टायर पंक्चर झालं. मी गाडी ढकलतोय आणि रेणू पुढं चालत मला हुरूप देतेय, "चल बाबा, चल!" घाटात सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया आमच्यावर मनसोक्त हसल्या, पण त्यांच्यातल्या एकीनंच पंक्चरवाल्याला फोन लावून दिला. तासभर कठड्यावर बसलो. खाली सगळा मुलूख उताणा पडलेला, उसाचे हिरवे तुकडे, काळी रानं, मध्ये पाण्याची एक चकाकी. बालाघाट मी नकाशात रंगवलाय, त्याच्या काठावर असा कधी बसलो नव्हतो. रेणूनं एका डोळ्यानं ते सगळं बघितलं आणि म्हणाली, "एवढं मोठं मावलं बघ माझ्यात." 

गाव आणि किल्ला मागं टाकून माळावर सोनाआत्याचं घर सापडलं. पत्र्याचं, मागं सीताफळाची पाच-सहा झाडं. दारात साठीची बाई डाळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली आणि मला नाव विचारायची गरज उरली नाही. डावा डोळा आत वाळून गेलेला, सुकलेल्या बोरासारखा.

"मी दत्ता. तुमच्या भावाचा."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "भाऊ गेला तवा निरोप आला न्हाई. तू कावून आलास?"

मी सगळं सांगितलं. नीट, क्रमानं, फाइल उघडून. ती ऐकत होती आणि डाळ पाखडत होती. शेवटी सूप खाली ठेवलं.

"डोळा गेला म्हणून टाकली मला. एक पंचमी न्हाई, एक दिवाळी न्हाई. आन आता डोळ्यासाठीच आलास व्हय?"

मी फाइल पिशवीत घातली.   लेकरू उपाशी राहू नये म्हणून तिनं रेणूपुढं दोन पिकलेली सीताफळं ठेवली, मला नाही.

रेणूनं कोपरापर्यंत रस माखून घेतला आणि त्याच हातानं डोळा चोळला. पुढच्या क्षणी म्हणाली, "बाबा, पडला."

बिया, साली, पाचोळा, कोंबड्या. मी रांगत शोधतोय, शेजारची एक सून आणि तिचा नवरा धावून आले, तेही शोधतायत. सीताफळाची प्रत्येक बी डोळ्यासारखी चमकते हे त्या दिवशी कळलं. कोंबडीनं गिळला असेल म्हणून शेजारी कोंबडीकडं संशयानं बघायला लागला. तेवढ्यात सोनाआत्या उठली, दोन पावलं चालली, पायरीच्या फटीतून तो उचलला. आम्ही सगळे दोन-दोन डोळ्यांचे, सापडला तो तिच्या एकाला.

तिनं तो तांब्यातल्या पाण्यानं धुतला आणि तळहातावर धरला.

"ह्यो काढता येतो?"

"रोज काढते मी," रेणू म्हणाली. "तुझा कुठं ठेवलास?"

शेजारीण चपापली. आत्या मात्र खाली बसली, रेणूच्या उंचीवर. "माझा आतच सुकला, बाय."

"दुखला?"

आत्यानं तळहातावरचा डोळा रेणूच्या हातात दिला. मग म्हणाली, "लई दुखला." आणि मला वाटतं, हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता.

मग ती बोलायला लागली. संध्याकाळी दिव्यासमोर डोळा कसा पांढरा चमकायचा, आई कौतुकानं देवीचा उजेड म्हणायची. मग दुखणं, पाल्याचा लेप, महिनाभर डोळ्यांवर पट्टी, नुसती आंधळी कोशिंबीर. सासरी मालक भला माणूस होता, कधी टोचून बोलला नाही. "पण मेंढी व्याली की मीच पाठ करून बसायची. कुणी सांगाया लागलं न्हाई. सवय."

मी सांगितलं की कोप नाही, दुखणं आहे. रेणूचा डोळा ज्यानं गेला तेच तुमचंही असणार. असं आपोआप सुकून माणूस जगणं फार दुर्मीळ, डॉक्टर तुम्हाला बघून हात जोडतील. आणि ते माझ्याही डोळ्यात येऊन गेलं. माझ्यात आलं म्हणजे तुमच्या भावाच्या रक्तातही होतं. त्यांचं दिसलं नाही, एवढंच.

"दादाच्याबी?"

"हो."

"म्हंजी माज्या एकटीचं न्हवतं." तिनं हे स्वतःलाच सांगितलं. रात्री येसराच्या आमटीबरोबर भाकरी मलाही मिळाली. वाढताना ती म्हणाली, "पारूचं पोरगं धा म्हयन्याचं हाय. राघू. ती मेंढरं घिऊन घाटनांदूरच्या रानात हाय. परवा पुढं हालतील, मग घावायची न्हाईत. सकाळी मला गाडीवर घे."

घाटनांदूर

सोनाआत्या आयुष्यात पहिल्यांदा मोटरसायकलवर बसली. मधे रेणू, मागं आत्या. आडसपर्यंत ती "हळू, हळू" म्हणत होती, अंबाजोगाई ओलांडली तेव्हा मला "झोपलास का?" विचारत होती.

घाटनांदूरच्या अलीकडं सोयाबीन काढलेल्या एका रानात मेंढरं बसवली होती. आमच्याकडं शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतो, जाळीचं कुंपण लावून. त्याला वाघूर म्हणतात. त्या जाळीत दीड-दोनशे काळी मेंढरं, बाहेर घोडं, झोळी, चूल, आणि मातीत रांगत एका कोकराचा कान ओढणारा राघू. तेवढ्याशा जागेत सगळा संसार, आणि कशालाच दार नाही. बीडला मी दाराला दोन कड्या लावतो.

पारू आईला मोटरसायकलवरून उतरताना बघून हसायचं का रडायचं ते ठरवू शकली नाही. तिचा नवरा लक्ष्मण, तिशीतला, हाडापेरानं मजबूत, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि राघूला उचलून माझ्यासमोर धरलं.

"बघा पाव्हणं. हाय का काय? चांगला गुबगुबीत ढोल्या तर हाय."

नव्हतं काही. मी मोबाइलचा उजेड धरून बघितलं, दोन्ही डोळे काळेभोर. हसत होतं पोरगं. पांढरी चमक नाही, तिरळेपणा नाही. मी म्हटलं, दिसायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. गोल काढले, चौकोन काढले, छापा-काटा समजावला. लक्ष्मण मान हलवत होता, पण मी कॉलेजातली पोरं ओळखतो. ती मान समजल्याची नव्हती, संपवायची होती.

"उद्या हलायचंय. पुढच्या रानवाल्याला सबूद दिलाय. फाल्गुनात बघू."

फाल्गुनाला चार महिने होते.  फाइल मी मिटली.

तेव्हा सोनाआत्या बोलली. "लक्ष्मणा, एका मेंढीच्या खुरात किडा दिसला तर तू काय करतूस?"

"सगळ्यांचं पाय उचलून बघतो."

"जी लंगडत न्हाई तिचंबी?"

"तिचंबी."

"मग? ह्या पोरीचा डोळा गेला. माझा गेला. ह्याच्यात घाव निघाला. आन माजा नातू लंगडत न्हाई म्हणून बघायचा न्हाई?"

पारू मधेच म्हणाली, "मी जाती. तुमी ऱ्हावा मेंढराजवळ."

"तू एकटी हैदराबादला? अन् सही कोण करंल?" लक्ष्मण जाळीकडं बघत होता. खरी अडचण आता बाहेर आली. "मामी, दोन मेंढ्या आजउद्या व्यायला झाल्यात. मी गेलो तर..." आणि आत्याची नजर टाळून तो चुलीत काटकी सारू लागला. सगळ्यांना कारण कळलं. 

"ठाव हाय मला," आत्या म्हणाली. "म्या बघीन."

पहिल्यांदाच लक्ष्मणानं तिच्या डोळ्याकडं नीट बघितलं असं मला वाटलं. मग त्यानं हातातली काठी तिच्याकडं दिली.

लक्ष्मण, पारू, राघू, रेणू, मी, सगळ्यांनी घाटनांदूरहून रेल्वे धरली. फोनवर कळवल्याप्रमाणं मनीषा परळीलाच डब्यात चढली होती, सगळ्यांच्या भाकरी घेऊन. आत्या पारूचा फोन घेऊन जाळीपाशी उभी राहिली होती. शेजारचा शेतकरी म्हातारीच्या मदतीला माणूस देतो म्हणाला, तर ती म्हणाली, "माणूस कशाला? कुत्री हाय की."

हैदराबादला डॉक्टरबाईंनी माझा नवा नकाशा बघितला. किसनमामांच्या घोंगड्यावरचा जसाच्या तसा उतरवलेला, गोल आणि चौकोन करून. "अब आया पूरा खानदान," म्हणाल्या. सोनाआत्याच्या गोलावर बोट ठेवून त्यांनी मला दोनदा विचारलं, इलाजाशिवाय? जिवंत? स्वतःच्या सहकाऱ्यांना बोलावून तो गोल दाखवला. कारकुनानं वाखाणलेल्या माझ्या वंशावळीत जी नव्हती, तिच्याभोवती चार डॉक्टर उभे होते.

राघूला भूल देऊन तपासलं. उजव्या डोळ्याच्या कडेला दोन ठिपके. मोहरीएवढे. बाहेरून कुणालाही, कधीच, दिसले नसते असे. आणखी काही महिने गेले असते तर, बाई म्हणाल्या, आणि वाक्य सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी लेसर केलं. दर महिन्याला यावं लागेल, रेणूसारखंच, वर्षानुवर्षं. पण डोळा राहील. दोन्ही राहतील.

लक्ष्मण बाकावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यात घालून. म्हणाला, "दिसत न्हाई, तरी व्हतं." एवढंच दोन-तीनदा म्हणाला. मला फोन दिला. "तुमीच सांगा मामीला."

मी सगळं सांगितलं. दोन ठिपके, जाळले, डोळा वाचला. पलीकडं फक्त मेंढरांचा आवाज. 

"आत्या? ऐकू आलं का?"

"आलं." मग हळूच, "सकाळी एक मेंढी व्याली. पांढऱ्या पायाचं कोकरू हाय. म्याच पयलं बघितलं."